हवामानमापन उपकरणांचे ऑनलाइन शिक्षण

हवामानमापन उपकरणांचे ऑनलाइन शिक्षण म्हणजे तापमान, वायुदाब, आर्द्रता, वारा आणि पर्जन्य मोजणाऱ्या उपकरणांची रचना, कार्यतत्त्व, मांडणी व त्यांच्या मापनातील त्रुटी हे विषय विद्यापीठीय विद्यार्थ्यांना आंतरजालावरील पाठांद्वारे शिकवण्याची पद्धती होय. हवामानशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात हा विषय पूर्वी वेधशाळेत, प्रत्यक्ष उपकरणांसमोर उभे राहून शिकवला जात असे. स्वयंचलित हवामान केंद्रांचा प्रसार, उपकरणांची वाढती किंमत आणि बहुतेक विद्यापीठांतील प्रयोगशाळांची मर्यादित साधने यांमुळे या शिक्षणाचा सैद्धान्तिक भाग ऑनलाइन पाठांकडे वळला. या क्षेत्रातील सर्वाधिक परिचित उदाहरण अमेरिकेतील ‘कॉमेट’ कार्यक्रमाने तयार केलेल्या उपकरणविषयक पाठमालेचे आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हवामान निरीक्षक हा उपकरणांच्या सहवासात तयार होत असे. तापमापीतील पाऱ्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत आणून वाचणे, ओल्या तापमापीवरील कापडी वात स्वच्छ ठेवणे, पर्जन्यमापकातील पाणी मोजपात्रात ओतून नोंदवणे, ही कामे तो रोज ठरलेल्या वेळी करी. उपकरण कोठे फसते हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नसे, कारण ते त्याच्या डोळ्यांदेखत फसत असे.

इलेक्ट्रॉनिक संवेदकांमुळे हे चित्र बदलले. पाऱ्याच्या वापरावर निर्बंध आणणारा मिनामाता करार २०१३ साली स्वीकारला गेला व २०१७ साली अमलात आला. पारायुक्त तापमापी व वायुदाबमापी यांचे उत्पादन २०२० पर्यंत थांबवण्याची तरतूद त्यात आहे. आजचा विद्यार्थी बहुधा उपकरण न पाहताच त्याची आकडेवारी संगणकाच्या पडद्यावर वाचतो. दशांश चिन्हापुढे दोन अंक असलेली संख्या पाहिली की ती तितकीच अचूक असणार, असा समज होणे स्वाभाविक आहे. हा समज दूर करणे हेच उपकरणविषयक शिक्षणाचे मुख्य काम झाले आहे.

या शिक्षणाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या सहाव्या मूल्यांकन अहवालानुसार १८५०–१९०० या काळाच्या तुलनेत २०११–२०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी पृष्ठीय तापमान १.०९ अंश सेल्सिअसने वाढले. एखाद्या केंद्रावरील उपकरण बदलल्यामुळे किंवा पेटी दुसऱ्या जागी हलवल्यामुळे नोंदीत काही दशांश अंशांचा फरक सहज पडू शकतो. ज्याला उपकरण कळत नाही, त्याला हवामानातील खरा बदल आणि उपकरणातील बदल यांत फरक करता येत नाही.

कॉमेट व मेटएड

‘कॉमेट’ हा अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथील, ‘वायुमंडलीय संशोधनासाठी विद्यापीठांचे महामंडळ’ या संस्थेचा शैक्षणिक कार्यक्रम असून त्याची स्थापना १९८९ साली झाली. हवामान अंदाजकांचे सेवांतर्गत प्रशिक्षण हा त्याचा मूळ हेतू होता. कालांतराने ‘मेटएड’ या संकेतस्थळावरून त्याचे पाठ जगभरातील विद्यार्थ्यांना व हवामान सेवांना उपलब्ध झाले. नोंदणी केल्यावर हे पाठ विनामूल्य वापरता येतात. इंग्रजीखेरीज स्पॅनिश, फ्रेंच अशा भाषांतूनही त्यांतील अनेक पाठ आहेत.

उपकरणविषयक पाठमाला पेन्सिल्व्हेनियातील मिलर्सव्हिल विद्यापीठ आणि बोल्डर येथील राष्ट्रीय वायुमंडलीय संशोधन केंद्राची भूनिरीक्षण प्रयोगशाळा यांच्या सहकार्याने तयार करण्यात आली व तिला अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचे अर्थसाहाय्य लाभले. ही भागीदारी विषयाच्या दृष्टीने नेमकी होती. भूनिरीक्षण प्रयोगशाळा संशोधन विमाने, रडार, पृष्ठभागीय मनोरे आणि विमानातून सोडली जाणारी निरीक्षणयंत्रे चालवते. विद्यापीठाकडे पदवीच्या वर्गाचा अनुभव होता, तर पाठ रचण्याचे कौशल्य कॉमेटकडे होते. पाठमाला मापनाच्या मूलतत्त्वांपासून व उपकरणांच्या कार्यगुणांपासून सुरू होते आणि नंतर एकेका वातावरणीय घटकाकडे वळते. बहुतेक जुनी पाठ्यपुस्तके उपकरणांच्या वर्णनाने सुरू होत व त्रुटींचा विचार परिशिष्टात ढकलत. येथे तो क्रम उलटा आहे.

पाठांतील मुख्य आशय

उपकरण स्वतःची अवस्था सांगते

या विषयाचा पाया एका साध्या विधानावर उभा आहे. तापमापी हवेचे तापमान दाखवत नाही, तर स्वतःचे तापमान दाखवते. ते हवेच्या तापमानाइतके असावे यासाठी बाकीची सगळी व्यवस्था करावी लागते. उन्हात ठेवलेल्या तापमापीचे तापमान हवेपेक्षा बरेच अधिक असते, म्हणून तिला पांढऱ्या, झडपांच्या, जमिनीपासून उंच ठेवलेल्या पेटीत ठेवतात. या पेटीला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. उत्तर गोलार्धात तिचे दार उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे नोंद घेताना ऊन आत येत नाही. जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शनानुसार तापमापी जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर असावी. इतके करूनही वारा पडलेल्या तळपत्या दुपारी पेटीतील तापमान बाहेरच्या हवेपेक्षा अंश-दोन अंशांनी वर जाऊ शकते. पेटीचा रंग उडाला, झडपांत धूळ साचली, शेजारी डांबरी रस्ता झाला, तरी उपकरण न बिघडता मापन बिघडते.

हेच विधान विद्युत् संवेदकांनाही लागू पडते. प्लॅटिनमच्या प्रचलित रोधक तापमापीचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि प्रत्येक अंशामागे तो सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. संवेदकापासून नोंदयंत्रापर्यंत गेलेल्या तारांचा रोध केवळ ०.४ ओहम असला आणि तो विचारात घेतला नाही, तर तापमान एक अंशाने अधिक दिसते. म्हणून विद्युत् प्रवाहासाठी दोन आणि विभवांतर मोजण्यासाठी वेगळ्या दोन, अशा चार तारांची जोडणी केली जाते. मोजण्यासाठी सोडलेला प्रवाहही संवेदकाला किंचित तापवतो, हा मुद्दा विद्यार्थ्यांना सहसा अनपेक्षित वाटतो.

अचूकता, परिशुद्धता व अंशशोधन

अचूकता म्हणजे मापन खऱ्या मूल्याच्या किती जवळ आहे हे, तर परिशुद्धता म्हणजे पुनःपुन्हा केलेली मापने एकमेकांच्या किती जवळ आहेत हे. दर वेळी नेमके दोन अंश अधिक दाखवणारी तापमापी अत्यंत परिशुद्ध असूनही अचूक नसते. उपकरण किती लहान फरक दाखवू शकते ती त्याची विभेदनक्षमता होय. तिचा अचूकतेशी थेट संबंध नाही.

यादृच्छिक त्रुटी सरासरी काढल्याने कमी होते. स्वतंत्र मापने १०० घेतली, तर सरासरीतील यादृच्छिक अनिश्चितता एका मापनाच्या तुलनेत एकदशांश उरते. पद्धतशीर त्रुटीवर मात्र सरासरीचा काहीच परिणाम होत नाही. ती ओळखण्यासाठी उपकरणाची तुलना अधिक विश्वासार्ह प्रमाणाशी करावी लागते. या क्रियेला अंशशोधन किंवा कॅलिब्रेशन म्हणतात. क्षेत्रीय उपकरणाचे अंशशोधन प्रवासी प्रमाणाशी, त्याचे राष्ट्रीय प्रमाणाशी आणि राष्ट्रीय प्रमाणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणाशी, अशी साखळी असते. तिची एक कडी तुटली, तर दोन देशांच्या नोंदींची तुलना करण्याला अर्थ उरत नाही.

प्रतिसादाचा काळ

पदवीच्या विद्यार्थ्यांना सर्वांत अवघड जाणारी आणि ऑनलाइन पाठांत सर्वांत चांगली उतरलेली संकल्पना काल-स्थिरांकाची आहे. संवेदक बाहेरील बदलाला तत्क्षणी प्रतिसाद देत नाही. अचानक झालेल्या बदलापैकी सुमारे ६३ टक्के भाग आत्मसात करण्यास त्याला लागणारा काळ म्हणजे त्याचा काल-स्थिरांक. तापमापी २५ अंशांच्या खोलीतून ३५ अंशांच्या अंगणात नेली, तर एक काल-स्थिरांक उलटल्यावर ती सुमारे ३१.३ अंश दाखवते आणि तीन उलटल्यावर ३४.५.

अंगणातील प्रयोगात याचे महत्त्व जाणवत नाही. फुग्याला बांधून वर सोडलेल्या रेडिओसाँडमध्ये ते जाणवते. फुगा सेकंदाला सुमारे ५ मीटर वेगाने चढतो. उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरला ६.५ अंशांनी घटत असेल आणि संवेदकाचा काल-स्थिरांक १० सेकंद असेल, तर दाखवलेले तापमान खऱ्या तापमानापेक्षा सातत्याने सुमारे ०.३ अंशाने अधिक राहते, म्हणजे ते प्रत्यक्षात ५० मीटर खालचे तापमान असते. उंचीबरोबर तापमान एकाएकी वाढणारा पातळ थर वाटेत आला, तर त्याच्या कडा पुसट होतात. धुके विरेल की टिकेल, ढग किती उंच वाढतील, हे याच कडांवर अवलंबून असते. आधुनिक संवेदक पुष्कळ जलद आहेत. पण वरच्या विरळ हवेत त्यांचाही प्रतिसाद मंदावतो.

पाठातील आकृतीत विद्यार्थी काल-स्थिरांक स्वतः बदलतो आणि खऱ्या वक्रामागे मापनाचा वक्र कसा रेंगाळतो ते पाहतो. फळ्यावर काढलेल्या घातांकी सूत्राने जे पुष्कळदा साधत नाही, ते येथे काही मिनिटांत साधते.

नोंदी किती वेळाने घ्याव्यात हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. वाऱ्याचा झोत काही सेकंदच टिकतो. जागतिक हवामान संघटनेच्या व्याख्येनुसार वाऱ्याचा वेग १० मिनिटांच्या सरासरीने, तर झोताचा वेग ३ सेकंदांच्या सरासरीने सांगतात आणि त्यासाठी सेकंदाला ४ वेळा नोंद घेण्याची शिफारस आहे. दहा मिनिटांतून एकदाच वाचन करणाऱ्या यंत्राला वादळी झोत दिसला नाही, यावरून झोत आला नव्हता असे ठरत नाही.

घटकनिहाय पाठ

वायुदाब हा तुलनेने सर्वांत अचूक मोजला जाणारा घटक आहे, तरीही त्यात सर्वांत अधिक गोंधळ उंचीमुळे होतो. समुद्रसपाटीजवळ सुमारे ८ मीटर चढले की दाब १ हेक्टोपास्कलने घटतो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरील वायुदाबमापी तळमजल्यावरीलपेक्षा वेगळा दाब दाखवणारच. बोल्डर शहर समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरहून अधिक उंचीवर असल्याने तेथील प्रत्यक्ष दाब सुमारे ८३० हेक्टोपास्कल असतो. हवामान नकाशावर मात्र समुद्रसपाटीला अनुसरून परिवर्तित केलेला हजाराच्या आसपासचा आकडा येतो. या दोन आकड्यांपैकी आपण कोणता वाचत आहोत, हे न विचारणारा विद्यार्थी पहिल्याच उदाहरणात अडखळतो.

आर्द्रतेचे मापन सर्वांत कष्टाचे मानले जाते. कोरडा व ओला अशा दोन तापमापींच्या वाचनांतील फरकावरून आर्द्रता काढण्याची रीत जुनी व विश्वसनीय आहे, पण ती वातीची स्वच्छता, पाण्याची शुद्धता आणि फुग्यावरून वाहणारी हवा या तिन्हींवर अवलंबून असते. वात मळली किंवा कोरडी पडू लागली की बाष्पीभवन मंदावते, ओल्या तापमापीचे वाचन वाढते आणि हवा आहे त्यापेक्षा दमट भासते. स्वयंचलित केंद्रांतील धारिता-संवेदक या कटकटीतून सोडवतात. मात्र धूळ, मीठ आणि दीर्घकाळ टिकलेली अतिदमट हवा यांमुळे त्यांचे वाचन हळूहळू सरकत जाते. समुद्रकिनाऱ्यावरील केंद्रांत हा दोष विशेष आढळतो.

वाऱ्यासाठी वापरला जाणारा कटोरी-वेगमापक वारा वाढताना लवकर वेग घेतो आणि वारा मंदावताना उशिरा थांबतो, म्हणून झोताच्या वाऱ्यात तो सरासरी वेग किंचित जास्त दाखवतो. अगदी मंद वाऱ्यात तो फिरतच नाही. ध्वनिलहरींच्या प्रवासकाळातील फरकावरून वेग मोजणाऱ्या यंत्रात हे दोष नसतात. उपकरण कोणतेही असो, ते मोकळ्या जागी १० मीटर उंचीवर असावे आणि इमारत किंवा झाड यांपासून त्यांच्या उंचीच्या किमान दहापट अंतरावर असावे, असा दंडक आहे. शहरांतील फारच थोडी केंद्रे तो पाळू शकतात.

पाऊस मोजणे सर्वांना सोपे वाटते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, एवढे गणित पुरेसे असते. पण पर्जन्यमापक स्वतःच वाऱ्याच्या वाटेत उभा असतो. त्याच्या तोंडावरून वारा वर उचलला जातो आणि बारीक थेंब पलीकडे नेले जातात, त्यामुळे वाऱ्याच्या पावसात नोंद खऱ्यापेक्षा कमी येते. हिमवर्षावात ही तूट फार मोठी होते. कलत्या पात्राच्या स्वयंचलित पर्जन्यमापकात ठरावीक पाणी, उदाहरणार्थ ०.२ मिलिमीटर पावसाइतके, साचले की पात्र कलंडते आणि एक नोंद होते. मुसळधार पावसात पात्र कलंडण्याच्या क्षणार्धात पडलेले पाणी मोजणीतून निसटते. गाळणीत पान किंवा कोळ्याचे जाळे अडकले, तर पाऊस पडत असताना यंत्र शून्य नोंदवते व थांबल्यावर तासभर रिमझिम दाखवत राहते. अशी नोंद पाहून ‘येथे यंत्र तुंबले आहे’ हे ओळखणे, असा एक नमुनेदार अभ्यासप्रश्न तयार होतो.

चुकीच्या नोंदींचा अभ्यास

प्रत्यक्षात घडलेल्या चुकीच्या नोंदी हे या विषयातील उत्तम अध्यापनसाहित्य आहे. लिबियातील अल अझिझिया येथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी नोंदवलेले ५८ अंश सेल्सिअस हे सुमारे ९० वर्षे जगातील सर्वोच्च तापमान मानले जात होते. जागतिक हवामान संघटनेच्या तज्ज्ञ समितीने पडताळणी करून २०१२ साली ती नोंद रद्द ठरवली. मूळ नोंदवहीतील अक्षर व मांडणी पाहता त्या दिवसांत नवखा निरीक्षक काम करत असावा, असा निष्कर्ष निघाला. वापरात असलेली तापमापी सिक्स-बेलानी प्रकारची होती. तिच्या नळीतील सरकत्या दर्शकाचे खालचे टोक वाचायचे असते. निरीक्षकाने वरचे वाचले असल्यास सुमारे ७ अंशांची चूक होते. शिवाय केंद्राची जागा नैसर्गिक वाळवंटी जमिनीसारखी नव्हती आणि ती नोंद आसपासच्या केंद्रांशी जुळत नव्हती. उपकरण, निरीक्षक, जागा आणि शेजाऱ्यांशी तुलना ही चार कसोट्यांची पद्धत या एका प्रकरणात दिसून येते. त्यानंतर विक्रमाचा मान अमेरिकेतील डेथ व्हॅली येथील १० जुलै १९१३ च्या ५६.७ अंशांकडे गेला. त्या नोंदीवरही काही अभ्यासकांचे आक्षेप आहेत.

भारतातील ताजे उदाहरण २०२४ च्या उष्ण लाटेतील आहे. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश तापमान नोंदवले आणि देशातील नवा उच्चांक म्हणून ती बातमी काही तासांत जगभर पसरली. भारतीय हवामान विभागाने तेथे प्रमाणित उपकरण नेऊन तुलना केली, तेव्हा केंद्राचा संवेदक सुमारे ३ अंश अधिक दाखवत असल्याचे आढळले. त्याच आठवड्यात नागपुरातील एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली व तीही संवेदकातील बिघाडामुळे चुकीची असल्याचे स्पष्ट करण्यात आले. दोन्ही शहरांत त्या दिवसांत उष्मा खरोखरच जीवघेणा होता. अशा वेळी अतिशयोक्त आकडा प्रसिद्ध होऊन मागे घेतला गेला, की पुढच्या खऱ्या इशाऱ्यावरील लोकांचा विश्वास कमी होण्याचा धोका असतो. दिल्लीची नोंद अविश्वसनीय आहे हे ओळखण्यासाठी विशेष साधन लागत नव्हते. त्याच दुपारी शहरातील इतर केंद्रांचे आकडे काही अंशांनी खाली होते आणि अशी तुलना पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करू शकतो.

अध्यापनाची रीत

ऑनलाइन पाठ हे ध्वनिमुद्रित व्याख्यान नसते. मजकूर, चलत् आकृत्या, विद्यार्थ्याने स्वतः मूल्ये बदलून पाहण्याची सोय, मध्ये मध्ये प्रश्न आणि उत्तर चुकल्यास ते का चुकले याचे स्पष्टीकरण, अशी त्याची घडण असते. शेवटी चाचणी असते व ती उत्तीर्ण झाल्यास प्रमाणपत्र मिळते. विद्यापीठांत हे पाठ बहुधा घरी पूर्ण करून येण्यास सांगतात आणि वर्गातील वेळ प्रत्यक्ष उपकरणांसाठी व चर्चेसाठी राखून ठेवतात. जेथे उपकरणेच नाहीत, तेथे पाठ हाच संपूर्ण अभ्यासक्रम होऊन बसतो आणि त्याच्या मर्यादा तेथेच प्रकट होतात.

मार्च २०२० पासून कोविड-१९ च्या साथीत प्रयोगशाळा बंद झाल्यावर अशा पाठांवरील अवलंबित्व एकदम वाढले. त्या काळात विज्ञानाच्या अनेक शाखांप्रमाणे येथेही घरगुती प्रयोगांना महत्त्व आले. पाण्यातील ठेचलेल्या बर्फाचे तापमान शून्य अंश असते, त्यात तापमापी बुडवून तिचा शून्यबिंदू तपासता येतो. साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणावरील बंदिस्त हवेची सापेक्ष आर्द्रता २५ अंशांना सुमारे ७५ टक्के असते, म्हणून झाकणाच्या बरणीत ओलसर मीठ आणि स्वस्त आर्द्रतामापी काही तास एकत्र ठेवली की तिचा दोष लक्षात येतो. अंशशोधनाची संकल्पना समजण्यासाठी हा बरणीचा प्रयोग कोणत्याही महागड्या उपकरणाइतकाच उपयोगी आहे.

मर्यादा

हाताने शिकायच्या गोष्टी पडद्यावर शिकता येत नाहीत. मनोऱ्यावर चढून कटोरी-वेगमापकाचा खडखडणारा धारवा (बेअरिंग) कानाने ओळखणे, पावसात भिजलेली जोडणी कोरडी करणे, पेटी समपातळीत बसवणे ही कौशल्ये सरावानेच येतात. पाठातील उपकरण नेहमी नियमाप्रमाणे बिघडते. प्रत्यक्षातील उपकरणात एकाच वेळी तीन दोष असू शकतात व त्यांपैकी दोन परस्परांना झाकतात. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेतील भूनिरीक्षण प्रयोगशाळेसारख्या संस्था विद्यापीठांना अल्पकाळासाठी संशोधन उपकरणे शैक्षणिक उपयोगासाठी देतात. अशी सोय नसलेल्या देशांत प्रमाणपत्र मिळालेला विद्यार्थी आणि उपकरण हाताळू शकणारा विद्यार्थी यांतील अंतर कायम राहते.

साहित्य जुने होणे ही दुसरी अडचण आहे. त्रुटींची तत्त्वे बदलत नाहीत, पण संवेदक बदलतात आणि परस्परक्रियात्मक आकृत्या ज्या संगणकीय तंत्रावर उभ्या असतात, ते तंत्रही कालबाह्य होते. यांशिवाय बहुतेक उत्तम पाठ अनुदानावर तयार झालेले असतात आणि अनुदान संपल्यावर त्यांची डागडुजी कोणी करायची, हा प्रश्न उरतो.

भारतातील व महाराष्ट्रातील संदर्भ

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ साली झाली. त्याचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यास आले व पुढे दिल्लीस गेले, तरी उपकरणांची निर्मिती व अंशशोधन यांच्याशी पुण्याचे नाते टिकून राहिले. अण्णा मणी (१९१८–२००१) या भौतिकशास्त्रज्ञ १९४८ साली विभागाच्या पुण्यातील उपकरण शाखेत दाखल झाल्या. आयात उपकरणांवरील अवलंबित्व संपावे म्हणून त्यांनी सुमारे १०० हवामान उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करवून घेतले. मापनातील शिस्तीचा त्यांचा आग्रह भारतीय हवामानशास्त्राच्या इतिहासात विशेष नोंदला गेला आहे. विभागाचे पुण्यातील प्रशिक्षण केंद्र हे जागतिक हवामान संघटनेने मान्यता दिलेल्या प्रादेशिक प्रशिक्षण केंद्राचा भाग असून तेथे देशी-परदेशी निरीक्षकांना प्रत्यक्ष उपकरणांवर शिकवले जाते. ‘एनपीटेल’ व २०१७ साली सुरू झालेला ‘स्वयम्’ मंच यांवर वातावरणविज्ञानाचे ऑनलाइन अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. मात्र त्यांचा भर वातावरणाच्या भौतिकशास्त्रावर असतो आणि उपकरणांना त्यात तुलनेने कमी जागा मिळते.

महाराष्ट्रात या शिक्षणाची गरज कृषी क्षेत्रामुळे अधिक तीव्र झाली आहे. ‘महावेध’ प्रकल्पांतर्गत राज्यातील महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. त्यांच्या नोंदी कृषी सल्ल्याबरोबरच पीक विम्याशीही जोडलेल्या आहेत. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत शेतकऱ्याच्या बागेचे प्रत्यक्ष नुकसान मोजले जात नाही. संदर्भ केंद्रावर तापमान किंवा पाऊस ठरवून दिलेली मर्यादा ओलांडतो की नाही, यावर भरपाई ठरते. कोकणातील आंबा बागायतदाराच्या दृष्टीने अवेळी पावसाची काही मिलिमीटरची नोंद किंवा कमाल तापमानाचा एक अंश निर्णायक असू शकतो. तुंबलेला पर्जन्यमापक किंवा छताच्या पत्र्याजवळ बसवलेला संवेदक ही अशा ठिकाणी केवळ तांत्रिक त्रुटी राहत नाही. केंद्राची जागा नियमानुसार आहे का, शेवटचे अंशशोधन कधी झाले, शेजारच्या मंडळांतील नोंदी काय सांगतात, हे प्रश्न कृषी महाविद्यालयातील विद्यार्थी, विमा प्रतिनिधी व ग्रामपंचायत सदस्य यांना विचारता येणे आवश्यक ठरते.

मराठीत या विषयावरील साहित्य शालेय पाठ्यपुस्तकांतील उपकरणांच्या ओळखीपुरते मर्यादित आहे. कोरडा व ओला तापमापी, वातकुक्कुट, पर्जन्यमापक हे शब्द रूढ आहेत, पण मापनाच्या अनिश्चिततेची परिभाषा सामान्य वापरात आलेली नाही. ‘अचूकता’ आणि ‘परिशुद्धता’ हे शब्द वृत्तपत्रीय लेखनात एकाच अर्थाने येतात, आणि ‘अंशशोधन’ या शब्दाऐवजी केंद्रांची देखभाल करणारे तंत्रज्ञ ‘कॅलिब्रेशन’ असेच म्हणतात.